काचपट्टीवरचं रक्त

संघमित्राचे लाल गाल तपासून डॉक्टर म्हणाले, “रोझेशियाच वाटतोय, गाल लाल करणारा त्वचाविकार. पण त्याच्यासोबत कधीकधी शरीर स्वतःवरच उलटतं, असे आजारही दिसतात. आईला त्यातलाच ल्युपस होता ना? रक्त तपासून घ्या.” परळच्या लॅबमध्ये ती रोज हीच तपासणी करायची, आज काचपट्टीवर तिचंच रक्त होतं. सहकारी श्रेयाने सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी लावली. “ताई, बघ ना. सफरचंदासारखे गाल मिळालेत, घाबरतेस काय?” आईचे गाल लाल झाले, तेव्हा लालबागच्या चाळीतही सगळे कौतुकच करायचे. वर्षभरात आई गेली. पेशी हिरव्या चमकल्या तर संशय बळावणार, काळ्या राहिल्या तर सुटका. तिने श्वास रोखून पाहिलं. सगळं काळं. “काहीच नाही गं!” ती हसली. श्रेया म्हणाली, “अगं, हा तुलनेसाठी लावलेला निरोगी नमुना. तुझा पुढचा.” पट्टी सरकली. काळोखात हिरवं उजाडू लागलं.