हळू आवाजातली ओळ

काचेपलीकडच्या खोलीत मुका माइकसमोर उभा होता आणि गात नव्हता.

मुका हे बँडने त्याला दिलेले नाव. एरवी तो चार माणसांत तोंड उघडत नसे. गाऊ लागला की मात्र असा किंचाळे, की खालच्या मजल्यावरचे कुत्रे पलंगाखाली जाऊन बसे. पोस्ट-हार्डकोर म्हणतात तसले त्यांचे संगीत: सगळे ओरडून सांगायचे, आणि मध्येच एखादी गोष्ट अगदी कानाशी येऊन. पहिल्यावहिल्या अल्बममधले सारे ओरडणे ध्वनिमुद्रित झाले होते. मुखपृष्ठ तयार होते, ‘शेजाऱ्यांस विनंती’ हे नाव जगजाहीर झाले होते, आणि उद्या सकाळी अल्बम प्रकाशित व्हायचा होता. राहिली होती ती शेवटच्या गाण्यातली एकच ओळ. ती साध्या, हळू आवाजात म्हणायची होती.

“परत घेऊ,” यंत्रांपाशी बसलेली ताई म्हणाली. ती ड्रमरची थोरली बहीण. घराची ही मागची खोली तिची, यंत्रे तिची, आणि शेवटचा शब्दही तिचाच.

तिच्या शेजारच्या खुर्चीत मुक्याचे वडील बसले होते. सोफे मढवणे हा त्यांचा धंदा. गाण्याची ती चिमुकली खोली त्यांनीच जाड फोमने मढवून दिली होती. ड्रमच्या दणक्यांनी दाराची एक पट्टी उचकटली, म्हणून आज दुपारी ते हत्यारे घेऊन आले होते. पट्टी बसली. दार अजून थरथरते का, हे ऐकायला ताईने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तयार झालेली दोन-तीन गाणीही ऐकवली.

“यात शब्द आहेत का?” त्यांनी विचारले होते.

“भरपूर आहेत, काका.”

“बरं.”

दार केव्हाच गप्प झाले होते. हेडफोन मात्र त्यांनी उतरवले नव्हते, आणि मुका काचेतून नेमके तेच पाहत होता. सगळे शब्द त्याचेच होते. किंकाळीत ते सुखरूप असत. जत्रेतल्या माणसासारखे, कोणालाही ओळखू न येणारे. ही ओळ एकटी उभी राहणार होती, आणि ती घराविषयी होती.

माइकजवळ वाकून तो पुटपुटला, “ताई, बाबांना जरा चहाला पाठव ना.”

“मला चहा नको,” वडील म्हणाले.

ड्रमर हसता हसता स्टुलावरून घसरला. ताईने आत बोलायची कळ दाबून निरोप पोचवला, “चहा नकोय त्यांना. आणि तू बोलतोस ते सगळं त्यांना ऐकू येतंय.”

“मुक्या, ओरडून टाक,” ड्रमरने मध्येच तोंड घातले. “तसंही कुणाला काय कळतंय?”

“ओरडलास तर गाणं मेलं,” ताई म्हणाली. “आणि ओळ नसेल तर उद्या अल्बमही नाही. लोकांना काय सांगायचं ते तू सांग. तोंडाने.”

मुक्याने काचेकडे पाठ फिरवली. मग, काय मनात आले कोण जाणे, तो पुन्हा वळला आणि डोळे उघडे ठेवूनच म्हणाला,

“दोघांच्या घरात दोघेही गप्प,
म्हणून मी ओरडायला शिकलो.”

ताईने मान डोलावली; ओळ झाली होती. ड्रमर मुळीच सैल नसलेला एक स्क्रू पिळत बसला.

मुका बाहेर आला तो स्वतःच्या बुटांकडे बघत. वडिलांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पिशवीतून हातोडी काढली, परत आत टाकली.

“दार एकदा आतून बघतो,” ते म्हणाले, आत गेले आणि दार ओढून घेतले.

दाराकडे मात्र त्यांनी पाहिले नाही. ओळख न झालेल्या पाहुण्यासमोर उभे राहावे तसे ते माइकपासून हातभर दूर उभे राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसले. मुक्याने टेबलावरचे हेडफोन उचलून कानांना लावले.

आत वडील घसा साफ करीत होते. मग एक बारीक, गंजलेला ‘आ’ आला. थोडे थांबून दुसरा, जरा मोठा. त्याच्या मागोमाग खोकला. खोकला सरल्यावर त्यांनी माइकलाच विचारले,

“अरे, एवढा श्वास आणतोस कुठून?”

ताईने बोलायची कळ मुक्यापुढे सरकवली आणि काचेतून खूण केली. वडिलांनी आत टांगलेले हेडफोन कानांवर घातले, उलटे.

“पोटातून, बाबा,” मुका म्हणाला. “छातीतून घेतला की घसा बसतो.”

“पोटातून.”

“हो. खांदे खाली. आणि आवाज ढकलायचा नाही, सोडायचा.”

“कुणी शिकवलं तुला?”

“कुणीच नाही. उशीत तोंड खुपसून करायचो.”

“तरीच. उशा लवकर दबायच्या तुझ्या. मला वाटायचं, कापूसच हलका मिळतोय.”

मुका हसला. आत वडीलही हसले. त्यांना हसताना ड्रमरने आजवर पाहिले नव्हते.

“हे दोघं एवढं बोलतात?” त्याने बहिणीला हळूच विचारले.

“तू गप्प बस.”

वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तळहात पोटावर टेकवला, खांदे सैल सोडले आणि खोल, सावकाश श्वास घेतला. ध्वनिमुद्रण थांबवायच्या कळीपाशी गेलेले ताईचे बोट तिथूनच मागे आले.

दुसऱ्या दिवशी अल्बम प्रकाशित झाला. तो त्या श्वासावर संपतो.