सहापर्यंतच्या नोंदी

चार वाजता बारा नंबरच्या आजींची कूस बदलायला सिस्टरने त्यांच्या खांद्याखाली हात घातला, आणि तो तिथेच राहिला. खांदा गार पडला होता.

"आजी," ती म्हणाली. "अहो आजी."

मग तिने नाडी पाहिली, डोळे मिटवले, कपाळावरची बट मागे सारली. आणि पहिला विचार आला तो तक्त्याचा. 

वृद्धाश्रमात एकतीस खाटा आणि ती एकटी. दर दोन तासांनी प्रत्येकीची कूस बदलायची, घोटभर पाणी पाजायचं, नाडी मोजायची आणि पायथ्याच्या तक्त्यात लिहायचं. चौघींचं काम. म्हणून दुपारची जेवणं उरकली की ती सगळ्या तक्त्यांवर एका दमात सहापर्यंतचं लिहून मोकळी व्हायची, आणि मग जमेल तशी धावायची.

"गृहपाठ आधीच उरकतेस होय गं!" अकरा नंबरच्या मास्तरीणबाई रोज टोमणा मारायच्या.

आता तक्ता सांगणार, आजी चार वाजता पाणी प्यायल्या.

तिने तक्ता काढला. दोनची ओळ पूर्ण होती. चारच्या ओळीत नुसतं 'कू' लिहून पेन थांबलं होतं. बरोबर, तेव्हाच सोळा नंबरची बेल वाजली होती. खोटं लिहिलंच गेलं नव्हतं! देव पावला, असं ती पुटपुटली आणि स्वतःचीच तिला लाज वाटली.

मग कोण जाणे का, ती बाकीचे तक्ते बघत सुटली. सगळे सहापर्यंत भरलेले. आणि तीसच्या तीस छात्या वरखाली होत होत्या. पाच नंबर तर सकाळपासून जाते की राहते अशी होती. तीही. ओळ अर्धी राहिली होती ती एकट्या बारा नंबरची.

तिने ऑफिसला फोन लावला. मॅडम हळहळल्या, मग म्हणाल्या, "त्यांच्या मुलाला मी कळवते. आणि ऐक, संध्याकाळची येत नाहीये. रात्रीची तर कालच सोडून गेली. सकाळपर्यंत तूच बघ. तू काय, एकटी दहाजणींना भारी!"

"मॅडम, माझं अंगावर पिणारं लेकरू आहे घरी. सहाला निघावंच लागेल मला."

"मग त्यांना काय वाऱ्यावर सोडणारेस?"

फोन ठेवला तेव्हा तिचा झगा छातीशी ओला झाला होता. घरी बाळ जागं झालं असणार.

तिने आजींच्या तोंडावरून चादर ओढली. एक नंबरचा तक्ता मांडीवर घेतला आणि लिहू लागली. आठ : कूस बदलली, पाणी घेतलं, नाडी ठीक. दहा. बारा. दोन. अगदी सकाळच्या आठपर्यंत. मग दोन नंबर. हात भरून आला तरी ती थांबेना. तासभरात एकही बेल वाजली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

दहावा तक्ता संपवून तिने मान वर केली. सगळ्याजणी तिच्याकडे तोंड करून होत्या. ज्यांना आपली आपण कूस बदलता येत नव्हती, त्याही.

"सिस्टर," मास्तरीणबाई म्हणाल्या. आज आवाजात टोमणा नव्हता. "माझं कितीपर्यंत लिहिणारेस?"