बहात्तर सालचं सुख

"खरं सुख होतं ते बहात्तर सालात!" पद्माकररावांनी कॅमेऱ्यापुढे छाती फुगवून जाहीर केलं. मग 'तीस दिवस सत्तरच्या दशकात' या टीव्हीवरच्या स्पर्धेत, त्या काळासारख्या घरात राहताना कोणी काय व्हायचं याच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्यांच्या वाट्याला 'गृहिणी' आली आणि त्यांच्या पत्नीच्या, कुमुदताईंच्या, वाट्याला 'कर्ता पुरुष'.

तिसऱ्याच दिवशी स्टोव्ह भडकला, रॉकेलच्या रांगेत कंबर धरली आणि भाकरीचा कोळसा झाला. "अगं, हरलो म्हणू आणि घरी जाऊ," पद्माकरराव काकुळतीला आले.

आरामखुर्चीत कुमुदताईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. खऱ्या बहात्तर साली वर्तमानपत्र त्यांच्या हाती यायचं ते फळीवर अंथरायला.

"एक दिवसही कमी राहणार नाही मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ते सुख आत्ता कुठे कळायला लागलंय. आणि अहो, चहा टाका बघू, आलं घालून."