दोनशे चाळीस अंश

भर दुपारी कालाहारीच्या वाळवंटावर ढग दाटले आणि त्याच वेळी सौर वीजकेंद्राचे पंप बंद पडले. उन्हाची उष्णता साठवणारं वितळलेलं मीठ मनोऱ्याच्या नळांत अडकलं. दोनशे चाळीस अंशांखाली त्याचा दगड होतो आणि नळ कायमचे जातात. उपाय एकच होता, झडप उघडून ते खालच्या खड्ड्यात सोडायचं. झडपेचं बटण नियंत्रण कक्षात बसलेल्या कॅट्रीनसमोर होतं.

"पण खड्ड्यात डाविट काका दुरुस्तीला उतरलेत," ती फोनवर साहेबांना म्हणाली. "वायरलेसवर उत्तरच देत नाहीत."

"अगं, दोनशे साठ झालं!" साहेब ओरडले. "तो बाहेर आला असेल. उघड!"

"आणि नसेल आला तर?"

"तीनशे घरांच्या चुली विझतील, कॅट्रीन! तुझीपण!"

तिने बटणावरचा हात काढून घेतला. काटा दोनशे चाळीसखाली गेला. नळ कडकडले आणि मग सगळं गप्प झालं. ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली.

तेवढ्यात दार ढकलून डाविट काका आत आले. "काय झालं गं पोरी? मी भिंतीमागे सिगारेट ओढत होतो. वायरलेस खाली खड्ड्यातच राहिला बघ."

फोन अजून चालू होता.

"सापडला का तो?" साहेबांनी विचारलं. "होता खड्ड्यात?"

काटा बघून काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॅट्रीनने डोळे पुसले.

"हो साहेब," ती म्हणाली. "खड्ड्यातच होते."