मध्यंतरानंतरचं गाणं

पडद्यावरच्या चिनी बाईनं बिनतारी यंत्र शिवणयंत्राच्या पेटीत दडवलं आणि नेमका तेव्हाच तिचा प्रियकर दारात येऊन उभा राहिला. शत्रूच्या कचेरीतला कारकून, पण दिसायला राजबिंडा. खाली मराठी अक्षरं उमटली : ‘आज इतकी गप्प का आहेस?’

चौथ्या रांगेतल्या बाईनं श्वास रोखून धरला. ती शिवणाचे वर्ग घ्यायची, त्यामुळे ती पेटी बघताक्षणीच ती त्या हेर बाईच्या बाजूची झाली होती. शिवाय आज कितीतरी दिवसांनी ती चारचौघांच्या बरोबरीनं बसली होती. चिनी भाषा इथे कुणालाच कळत नव्हती. सगळेच मुकाट्यानं खालच्या ओळी वाचत होते. तिला ऐकू येत नाही हे इथे कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्याही नाही.

नवऱ्यापासून तर तिनं ते वर्षभर जिवापाड लपवलं होतं. तिच्या आईचे कान गेले, तेव्हा घरातल्यांनी आधी ओरडून पाहिलं, मग हातवारे करून पाहिले, मग नाद सोडून दिला. शेवटची काही वर्षं आईसमोर फक्त ताट येत होतं. बोलणं नाही. आपलंही तेच होणार, या धास्तीनं ती फोन उचलायची टाळायची, नाटकाचं नाव काढलं की डोकं दुखतंय म्हणायची.

आणि तेच व्हायला लागलं होतं. नवरा छापखान्यात यंत्रावर होता. एके काळी गप्पांना बसला की उठायचं नाव घेत नसे. निवृत्त झाल्यापासून मात्र तो घरात मुक्यासारखा वावरत होता. ती काही बोलली की मान डोलवायचा, नाहीतर उठून दुसऱ्या खोलीत जायचा. कंटाळला असेल बायकोला, दुसरं काय! त्यात बायको बहिरी आहे हे कळलं की उरलेसुरले चार शब्दही बंद. म्हणून परवा त्यानं आपणहून ही दोन तिकिटं समोर ठेवली, तेव्हा ती हरखूनच गेली होती.

मध्यंतरानंतर चित्रपटानं वेगळंच वळण घेतलं. बॉम्बचे छातीत बसणारे दणके थांबले. पुढच्या रांगांतले काही जण उठले, मागे वळून हात हलवायला लागले. एवढ्या नाजूक प्रसंगातही लोकांना धड बसवत नाही, म्हणून ती मनातल्या मनात चिडली. थोड्या वेळानं ते बसले. तिकडे कारकुनाला संशय आला होता. तो प्रश्नांवर प्रश्न विचारत होता आणि ती बाई थापांवर थापा मारत होती. ‘अगं, सांगून टाक ना एकदाचं! तुझाच माणूस आहे तो,’ असं हिला अगदी ओरडून सांगावंसं वाटलं. दुसऱ्याला सल्ला द्यायला आपलं काय जातं!

शेवटी हॉटेलच्या मंचावर ती बाई शत्रूच्या अधिकाऱ्यांसमोर गायली. गाणं हीच खूण होती. कारकुनाला ती कळली आणि त्यानं मागचं दार उघडून दिलं. हिचा पदर ओला झाला. तिनं चोरून पाहिलं, तर नवराही डोळे पुसत होता.

जिन्याच्या उजेडात तो तिच्याकडे वळला. “शेवटचं गाणं काय म्हटलंय बाईनं! अंगावर काटा आला.”

ओठांवरून तिला सगळं कळलं. कितीतरी महिन्यांनी तो तिच्याशी इतकं बोलला होता. तिला राहवलं नाही. “हो ना! आणि गळा किती तयार! त्या वरच्या सुराला तर मला रडूच फुटलं.”

तो खुशीत मान डोलवत खाली उतरला. दरवाज्यापाशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘क्षमस्व! मध्यंतरानंतर आवाज पूर्ण बंद पडला. चित्रपट चिनी असल्यामुळे प्रेक्षकांच्या संमतीनं खेळ तसाच चालू ठेवला. हेच तिकीट उद्या चालेल.’

म्हणजे गाणं कुणीच ऐकलं नव्हतं. यानं मुद्दाम गाण्याचा विषय काढला आणि आपण वरचा सूर-बीर म्हणत आयत्या सापळ्यात शिरलो. संपलं सगळं. आता आईसारखं ताट समोर येणार.

तिनं भीतभीत वर पाहिलं. नवरा अजून फळाच वाचत होता. एकदा वाचून झाल्यावर त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग तो वळला. त्याचे कान लालबुंद झाले होते. आणि तो तिच्या डोळ्यांकडे बघतच नव्हता, ओठांकडे बघत होता. ती वर्षभर त्याच्या ओठांकडे बघत आली होती, अगदी तसा.

“अहो,” ती सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “तुम्हाला ऐकू आलं ते गाणं?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तिच्याकडे बोट करून भुवया उंचावल्या. तिनंही मान हलवली. तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळे भरून आले. इतकं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

तो मात्र हसला नाही. त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले आणि दारावरचा माणूस दचकून मागे सरकेल इतक्या मोठ्यानं विचारलं, “म्हणजे वर्षभर तू माझ्यावर रुसली नव्हतीस?”