गगनवीरचं शेवटचं रीळ

तिसऱ्या भागात गगनवीर मरतो, हे जयसिंगला कळलं तेव्हा पौडच्या माळावर त्याचा सिनेमाचा तंबू उभा राहिला होता आणि जत्रेसाठी कासार आंबोलीच्या बैलगाड्या येऊन सुटल्या होत्या.

उडणाऱ्या गगनवीरच्या पहिल्या दोन भागांना तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यावर मुंबईच्या कंपनीला शहाणपण सुचलं. नट म्हातारा झालाय, त्याला मारू, चौथ्या भागात नवा पोरगा उडवू. शहरांतल्या लोकांनी सरळ पाठ फिरवली. आता जयसिंगची जत्राही कोरडी गेली, तर तंबू उधारीपायी मांडववाल्याच्या घशात जाणार होता.

त्यात देवस्थानचे कोंडिबा येऊन दम देऊन गेले. "पालखी उटली की गावात रडारड न्हाई. जत्रंत मयत दाखवलीस तर तंबू उपटीन."

जयसिंग डोकं धरून बसला. त्याची बायको तुळजाबाई तिकिटं फाडायची. ती म्हणाली, "मंग पालखी उटायच्या आदीच मारा की त्याला."

जयसिंगने शेवटचं रीळ पहिलं लावलं. गगनवीर मेला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. रीळ बदलेपर्यंत देवीच्या देवळाकडे ढोल वाजला, पालखी उठली, आणि पडद्यावर गगनवीर हसत हसत डोंगरावरून उडाला. तंबूत फेटे उडाले.

जत्रा संपेपर्यंत रोज पालखी, रोज हेच. बाकी सगळीकडे माशा मारणारा सिनेमा इथंच कसा चालतो, हे बघायला कंपनीचे साहेब स्वतः आले आणि गोणपाटावर मांडी घालून बसले. खेळ सुटल्यावर साहेबांनी शेजारच्या धोंडाबाईंना विचारलं, "आजी, मेलेला माणूस जिवंत कसा झाला?"

धोंडाबाईंना त्यांची कीव आली. "पालखी उटली न्हवं? देवीनं उटवला. येवढं बी कळंना व्हय तुमाला?"

साहेब गाडीत बसून गेले. आता ही कंपनी आपल्याला सिनेमा देत नाही, या धास्तीत जयसिंगचं वर्ष गेलं.

पुढच्या जत्रेला साहेब आले ते चौथ्या भागाची पेटी घेऊनच. पेटीवरच्या चित्रात नट तोच होता, म्हातारा. साहेब हळूच म्हणाले, "जयसिंगराव, या खेपेला रिळं ओळीने लावा. पहिल्याच रिळात पालखी उठते. पाठोपाठ तोही."