वेगळा तवा

वॉटर पार्कच्या फाटकावर डबा काढून घेतला, तेव्हा संगीता भांडली नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नव्हते, तशी पाटीच होती. आता दुपारचे दोन वाजले होते. सात वर्षांची अंजू तीन तास डुंबून, ओठ निळे करून पाण्याबाहेर आली होती आणि "भूक, भूक" म्हणून आईच्या ओढणीला लोंबकळत होती.

कॅन्टीनच्या खिडकीत विठ्ठलराव कुपनं फाडत बसले होते.

"हिला शेंगदाणा चालत नाही," संगीता म्हणाली. "दूध, दही, तूप, लोणी, तेही नाही. काय मिळेल?"

"पावभाजी घ्या. बिगरलोण्याची करायला लावतो."

"त्याच तव्यावर ना? नको."

"मंग मिसळ."

"त्यात शेंगदाणे?"

"छ्या! एक दाना सापडला तर पैसे परत. नुसतं कूट हाय."

संगीतानं डोळे मिटून उघडले. मागं ओल्या कपड्यांतली रांग वाढत चालली होती.

"मॅडम, तुमी आत जाऊन भिमाबाईला इचारा," विठ्ठलराव म्हणाले. "आमच्या चटनीत कूट, भाजीत कूट. शेंगदाना सोडून सैपाक मला तर म्हाईत न्हाई."

भिमाबाई आत परातीपुढं बसून मिसळीचं वाटण कालवत होती. डब्यांच्या फळीवर तिचा मोबाईल उभा होता, पाठीवर बाबासाहेबांचं चित्र. संगीतानं नेहमीचे प्रश्न विचारले. लग्नात, बारशाला, हॉटेलात, सगळीकडं ती हेच विचारत आली होती.

"मावशी, वेगळं भांडं आहे का? आणि हात साबणानं धुऊन कराल का? हिच्यासाठी."

भिमाबाईचा हात परातीत थांबला.

"येगळं? कावून?"

"म्हणजे... या भांड्यांतलं नको होतं."

"आन् हातबी धुवायचे."

"हो."

"माझ्या आयला पाटलाच्या शेतावर वरून पानी वाढायचे," भिमाबाई शांतपणे म्हणाली. "आय गेली. पाटीलबी गेला. मला वाटलं, येगळी भांडीबी गेली."

संगीताला समजायला क्षणभर लागला. मग शरमेनं तिचे कान तापले.

"तसं नाही हो मावशी! दाण्याचा कण पोटात गेला तरी हिचा गळा सुजतो. श्वास अडकतो. मागच्या खेपेला नगरचा दवाखाना गाठेपर्यंत..." पुढचं तिनं पोरीदेखत सांगितलं नाही.

"सांगत्यात लोक कायबी," भिमाबाई म्हणाली आणि पुन्हा कालवायला लागली.

अंजू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. फ्रॉकमधून पाणी निथळून तिच्या पायाशी साचलं होतं.

"खरं का गं?" भिमाबाईनं मान वर न करता तिला विचारलं.

अंजूनं मान हलवली. "शाळेत पण डबा खायला मला वेगळं बसवतात. खिडकीपाशी. एकटीला."

भिमाबाई उठली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली. सवयीनं पदराला पुसायला गेली, तर पदरावर कूट. तशी हात वर धरून हवेतच वाळवत उभी राहिली. मग दुसरी परात दोनदा घासून घेतली आणि मांडणीच्या खालून एक तवा काढला.

"ह्यो आमा कामवाल्यांच्या जेवनाचा. ह्याच्यावर भाकरीबिगर काय पडत न्हाई. पीठ माझ्या घरचं, जवारीचं. सोयाबीनच्या तेलाचा नवा पुडा फोडून बटाटे परतते. चालंल?"

"चालेल, मावशी."

"भिमाबाई, चार मिसळ!" खिडकीतून हाळी आली.

"घसरगुंडीवर पाठवा त्यास्नी आनखी एकदा!"

भाकरी थापली. तव्यावर टाकली, उलटली, आचेवर धरली. टम्म फुगली. भिमाबाईनं ती मोडली, वाफ जाऊ दिली, तुकड्यावर बटाट्याची फोड ठेवली. अंजूनं हात पुढं केला. पण घास तिच्याकडं आलाच नाही. तो संगीतापुढं आला.

"आदी तुमी."

सोमवार होता. संगीताला उपवास होता, लग्नाच्या आधीपासूनचा, बाळंतपणातही न मोडलेला. सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं. तिनं भिमाबाईकडं पाहिलं. भिमाबाई घास धरून तशीच उभी होती, घाई नसल्यासारखी.

संगीतानं घास घेतला. तोंडात घातला, चावला, गिळला.

"मीठ?"

"बरोबर आहे."

मगच ताटली अंजूपुढं आली. अंजूनं चार-पाच घास भराभर खाल्ले. संगीता तिच्या ओठांकडं बघत होती, गळ्याकडं बघत होती. ओठ निळ्याचे हळूहळू गुलाबी होत होते, बाकी काही नाही.

पोट थोडं भरल्यावर अंजूला बोलायला सुचलं. "आई, आज तर तुझा सोमवार."

"जेव तू."

भिमाबाईनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं.

"उपास व्हता?"

संगीतानं मान डोलावली.

"मंग सांगायचं न्हाई का वो, ताई?"

"सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं?"

खिडकीतून विठ्ठलराव चार मिसळींच्या सहा झाल्याचं ओरडून सांगत होते. भिमाबाईनं परातीत आणखी दोन ओंजळी पीठ घेतलं, मधोमध आळं केलं, पाणी ओतलं.

"बसा खाली," ती म्हणाली. "आता मोडलाच हाय, तर पोटभर जेवा."